धुराडं

तिसऱ्या गोळीला अडते, म्हणाली वल्लाळांची श्रावंती.
कधी पाचव्या, पण तिसऱ्याला नक्की.
रायफल चादरीत गुंडाळलेली,
वर लायसन्सचं पुस्तक, डब्यावर झाकण ठेवावं तसं.
रविवारी जिल्ह्याची मॅच. आज गुरुवार.
साखर पेठेत चव्वेचाळीस अंश,
डांबर चपलेला सोडत नाही.

मॅगझिन काढलं. बोल्ट ओढला.
डोळ्यांनी पाहिलं, मग करंगळी घालून पाहिलं.
डोळे खोटं बोलतात, करंगळी नाही,
हे मास्तरांनी शिकवलं,
ज्यांची स्वतःची करंगळी अर्धीच होती.

संध्याकाळी रेंजवर.
एक गेली. दुसरी गेली.
तिसऱ्याची रिकामी केस उडून पडायची,
ती दारातच उभी राहिली,
बोल्टच्या जबड्यात धरलेली, तोंड आभाळाकडे,
वर सुतासारखा धूर.
आमच्या गावात याला दुसरं नाव सुचणार तरी कुठून?
धुराडं.
फरक एवढाच, की हे अजून धुरतं.

बावीसची गोळी म्हणजे शेंगदाण्याएवढा जीव.
ठिणगी तिच्या काठात भरलेली,
पिन मधोमध नाही, कडेला टोचते.
ताकदही बेताचीच.
तेवढ्यावर बोल्टनं मागं जायचं, केस फेकायची,
नवी उचलून घरी परतायचं.
वाटेत कुणी नुसता हात धरला, तरी संपलं.

पहिला संशय गोळ्यांवर. स्वस्तातलं खोकं.
महागातलं आणलं.
तिसऱ्याला धुराडं.
मग मॅगझिनवर. स्प्रिंग बदलली, ओठ सरळ केले.
तिसरी गेली! चौथी गेली!
मी चहा सांगितला.
चहा येईपर्यंत दोनदा धुराडं.

शेवटी तिच्यावर घेतला.
म्हटलं, खांदा ढिला सोडतेस.
ती काही बोलली नाही.
रायफल माझ्या हातात दिली.
एक. दोन.
माझ्याही खांद्याला तिसरी उभी.

शुक्रवारी रात्री तिचे वडील आले,
सिद्रामप्पा, मिलमध्ये जॉबर होते,
आता घराखाली चार माग.
विषय काय बे, म्हणाले, आणि खुर्ची ओढली.
मी रिकामा बोल्ट मागंपुढं करून दाखवला.
त्यांनी पाहिलंच नाही, कान लावला.
धोटा आहे हा, म्हणाले.
धोटा अडला तर धोट्याला शिव्या देत नाहीत.
वाटेत काय पडलंय ते बघतात.
तेल कुठलं घालता?
श्रावंती म्हणाली, खालचंच. मागाचं.

तांदळाच्या दाण्याएवढी नखी, जी केसची कड धरून ओढते,
ती उचलली.
खाली सुई घातली, तर काहीतरी मऊ लागलं.
काळा, तेलात मुरलेला, दाबून बसलेला कापूस,
कपाटाच्या फटीतून वर्षभर वर आलेला.
नखी पुरती मिटतच नव्हती बिचारी.
कड धरायची, आणि अर्ध्या वाटेत हात सुटायचा.

रॉकेलमध्ये बुडवला, तर त्यातून दोरा निघाला.
लाल.
सिद्रामप्पांनी तो दिव्यासमोर धरला,
इतका वेळ, की मला वाटलं विसरले.
हा जुना लाल, म्हणाले.
हा रंग आता येत नाही.
आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

शनिवारी दहा मारल्या.
दहाही केसा उजवीकडे वाळूत.
ती वाकून मोजत होती, परत मोजत होती,
जणू एखादी आत राहिली असेल.
बिलात स्प्रिंग लिहिली नाही मी.
चहा लिहिला होता, तोही खोडला.

सोमवारी आली.
सहावी, म्हणाली. हवा होती.
आणि काउंटरवर रायफल ठेवली,
पुन्हा त्याच चादरीत.
मी चादरीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे.
काही बोललो नाही.
मॅगझिन काढलं. बोल्ट ओढला.
करंगळी घातली.